हस्तातला हत्ती आणि फुटलेला क्रिप्टन

हादग्याच्या पाटावर जो हत्ती काढतात तो हस्त नक्षत्राचा. सप्टेंबरच्या शेवटी सूर्य हस्तात शिरतो, पाऊस जाता जाता एकदा ढगांचे नगारे वाजवून घेतो, आणि पाटाभोवती फेर धरून झाला की खिरापत ओळखायची झुंबड उडते. याच हस्तात, अमेरिकन कॉमिक्सवाल्यांच्या मते, सुपरमॅनचे मूळगाव आहे. म्हणजे होते. आता तिथे काही शिल्लक नाही.

हे मी गमतीने म्हणत नाही. २०१२ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या १४व्या अंकासाठी प्रकाशकांनी नील डिग्रास टायसन या खगोलशास्त्रज्ञाला विचारले, की सुपरमॅनचा क्रिप्टन ग्रह ज्याच्याभोवती फिरत होता असा एखादा खरा तारा शोधून द्या. त्यांनी एलएचएस २५२० नावाचा एक मिणमिणता लाल खुजा तारा सुचवला. अंतर सांगितले २७.१ प्रकाशवर्षे. त्यामागचा हिशेब असा : क्रिप्टन फुटला तेव्हाचा उजेड पृथ्वीवर पोहोचायला सत्तावीस वर्षे लागणार, म्हणजे तान्हेपणी निघालेला सुपरमॅन ऐन तारुण्यात दुर्बिणीतून आपल्याच ग्रहाचा शेवट पाहू शकणार. हा तारा ज्या तारकासमूहात आहे त्याला पाश्चात्त्य नकाशात ‘कॉर्व्हस’, म्हणजे कावळा म्हणतात. सुपरमॅनच्या शाळेच्या संघाचे नावही कावळ्यांवरूनच होते, म्हणून ही निवड. टायसनना कल्पना नसेल, पण हस्ताच्या आसपासच आपल्याकडे पितृपक्ष येतो. ज्याचे सगळे पितर एका क्षणात गेले त्याचा तारा कावळ्यातच असावा, हे मराठी माणसाला वेगळे समजावून द्यावे लागत नाही.

दिंडोशीतल्या आमच्या गच्चीवरून हस्त पाहायचा तर हादग्याचे दिवस निरुपयोगी, कारण तेव्हा सूर्यच तिथे मुक्कामाला असतो. पाहायचा तो एप्रिल-मेमध्ये, रात्री नऊ-दहाच्या सुमाराला, दक्षिणेकडे तोंड करून. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती लागते, आणखी पुढे चित्रा, आणि चित्रेच्या उजव्या हाताला थोडा खाली चार ताऱ्यांचा एक वाकडा चौकोन. पाचवा तारा अंधूक आहे, तो मुंबईच्या उजेडात सहसा दिसत नाही. सुपरमॅनचा लाल तारा तर कुठल्याच गावातून नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही. शेजारचा एक कॉलेजातला मुलगा एकदा गच्चीवर माझ्याबरोबर होता. सगळे ऐकून घेऊन त्याने विचारले, “काका, ते ठीक आहे, पण फुटला कशामुळे?”

याचे उत्तर कोणत्या साली विचारता त्यावर अवलंबून आहे.

क्लीव्हलँडमधल्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन जून १९३८ची तारीख असलेल्या अंकात पहिल्यांदा छापून आला, तेव्हा त्या ग्रहाला नावसुद्धा नव्हते. पहिल्याच चित्रचौकटीत ग्रह म्हातारपणाने नष्ट होतो, एक शास्त्रज्ञ घाईघाईने बनवलेल्या यानात तान्ह्या मुलाला घालून पृथ्वीकडे पाठवतो, आणि पुढच्या चौकटीत आपण पृथ्वीवर. एवढेच. १६ जानेवारी १९३९ला वर्तमानपत्रातली चित्रमालिका सुरू झाली तेव्हा ‘क्रिप्टन’ हे नाव आले. ते विल्यम रॅम्झी आणि मॉरिस ट्रॅव्हर्स यांनी १८९८मध्ये शोधलेल्या वायूचेही नाव आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ लपलेला. त्याच मालिकेत शास्त्रज्ञ बापाला नाव मिळाले, आईला मिळाले, आणि ग्रहाच्या शेवटाला थोडी पाने मिळाली.

म्हातारपण हे कारण लेखकांना पुरेसे वाटले, कारण त्यांना ग्रहाशी काही घेणेदेणे नव्हते. त्यांना हवा होता अनाथ. आपल्याला ही गोष्ट नवी नाही. कुंतीने कर्णाला पेटीत घालून नदीत सोडले, अधिरथ आणि राधेने उचलून घरी नेले, आणि कवचकुंडले घेऊन जन्मलेले ते पोर सूताघरी वाढले. पेटीच्या जागी यान, नदीच्या जागी अंतराळ, अधिरथाच्या जागी कॅन्ससचा शेतकरी, कवचाच्या जागी गोळी न लागणारी कातडी. फरक एकच आहे, पण मोठा आहे. कर्णाची आई जिवंत होती, आणि त्याची सगळी शोकांतिका तिथून सुरू होते. सीगल आणि शुस्टर यांची घरे युरोपातून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबांची होती. मागे सोडलेल्या गावाला परत जाता येत नाही हे त्यांनी जेवणाच्या टेबलावर ऐकले असेल. सुपरमॅनला परतीची वाट असती तर तो पृथ्वीचा झालाच नसता, दिवाळी-उन्हाळ्याच्या सुटीला क्रिप्टनला जाऊन आला असता. तेव्हा ग्रह मरणे गरजेचे होते. कसा मरतो ते दुय्यम.

पण वाचक चिकित्सक असतात. कारण द्या, म्हणाले. आणि दर पिढीच्या लेखकांनी आपापल्या काळात जे हाताशी होते ते दिले.

१९४८मध्ये सुपरमॅनची जन्मकथा नव्याने सांगितली गेली. हिरोशिमाला तीन वर्षे झाली होती. साहजिकच क्रिप्टनच्या पोटात आता युरेनियम भरलेले निघाले, आणि अख्खा ग्रह म्हणजे एक प्रचंड अणुबाँब ठरला. १९७८च्या रिचर्ड डॉनरच्या चित्रपटात मार्लन ब्रँडोचा जॉर-एल, म्हणजे सुपरमॅनचा शास्त्रज्ञ बाप, क्रिप्टनच्या मंडळाला सांगतो की तीस दिवसांत ग्रह फुटणार, आणि मंडळ म्हणते, छे, ग्रह फक्त कक्षा बदलतो आहे. नेमके कारण तो चित्रपट धड सांगतच नाही. पाहताना ते जाणवतही नाही, कारण ब्रँडो बोलतो तेव्हा कारणे विचारायची हिंमत होत नाही. (व्हीसीआर भाड्याने आणून चाळीतल्या तीस माणसांनी एका खोलीत तो पाहिला होता. क्रिप्टनवासीयांचे झगमगते पांढरे कपडे हा मला कितीतरी वर्षे परग्रहावरचा पुरावा वाटे. ते पडद्यावर प्रकाश परतवायला वापरतात त्या जातीचे कापड होते हे फार उशिरा कळले.) १९८६मध्ये जॉन बर्न यांनी क्रिप्टन थंड, कोरडा, माणुसकी विसरलेला केला. त्यानंतरच्या मालिकेत असे आले की हजारो वर्षांपूर्वीच्या युद्धात कोणीतरी ग्रहाच्या गाभ्यात एक यंत्र सोडले होते आणि त्याने सुरू केलेली प्रक्रिया आत सावकाश चालू राहिली. आणि २०१३च्या ‘मॅन ऑफ स्टील’मध्ये क्रिप्टनवासीयांनी ऊर्जेसाठी स्वतःच्याच ग्रहाचा गाभा उपसला. माझ्या मते आतापर्यंतचे सर्वांत समजूतदार कारण हेच. चित्रपट मात्र सामान्य.

म्हातारपण, अणुबाँब, जुन्या युद्धाचे पाप, खनिजांची हाव. विसाव्या शतकातला माणूस रात्री कशाने दचकून जागा व्हायचा याची यादी करायची असेल तर क्रिप्टनची मरणकारणे ओळीने मांडावीत. मजा म्हणजे ग्रह मारून टाकल्यावर लेखकांना पश्चात्तापही झाला. १९५५मध्ये क्रिप्टनवरून एक कुत्रा वाचून आला. १९५८मध्ये बाटलीत जपलेले एक अख्खे शहर सापडले. १९५९मध्ये चुलतबहीण आली. पुढे पुढे वाचलेल्यांची संख्या बघता क्रिप्टन फुटला की नुसता रिकामा केला, अशी शंका यावी.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे. ग्रह खरोखर फुटू शकतो का?

ग्रहाला एकत्र धरून ठेवते ते त्याचे स्वतःचे गुरुत्व. एखादा ग्रह फोडायचा म्हणजे त्याच्या कणाकणाला उचलून इतके दूर फेकायचे की ते पुन्हा परत येऊन एकमेकांना चिकटू नयेत. याला लागणारी ऊर्जा म्हणजे त्या ग्रहाची गुरुत्वीय बंधन ऊर्जा. पृथ्वीसाठी हा हिशेब केला तर उत्तर इतके मोठे येते की ज्यूलमध्ये लिहून काही अर्थबोध होत नाही. असे समजा : सूर्य सगळ्या दिशांना मिळून जेवढी ऊर्जा फेकतो ती सगळीच्या सगळी आठवडाभर अडवून धरली आणि पृथ्वीच्या पोटात घातली, तर पृथ्वी जेमतेम फुटेल. माणसाने फोडलेला सर्वांत मोठा बाँब सोव्हिएत रशियाचा, १९६१ सालचा, पन्नास मेगाटनांचा. तसे किती बाँब लागतील? एकावर पंधरा शून्ये. या संख्येला आपल्याकडे नाव आहे. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दशगुणोत्तर संख्यांची नावे दिली आहेत, त्यात कोटी, अब्ज, खर्व करत वर चढले की पंधरा शून्यांच्या पायरीला ‘अंत्य’ म्हणतात. पृथ्वीच्या अंताला एक अंत्य बाँब लागतात हा योगायोग आचार्यांना आवडला असता. त्यांच्या नातवाने त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी काढलेल्या मठाचा शिलालेख आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण्याला आहे.

आणि ही झाली पृथ्वीची गोष्ट. क्रिप्टन तर जास्त दणकट. जुन्या कॉमिक्सनुसार सुपरमॅनला इथे बळ येते कारण त्याच्या ग्रहावर गुरुत्व फार होते. आपल्यासारख्याच खडकाचा, पण पृष्ठभागावर दहापट गुरुत्व असलेला ग्रह घेतला, तर त्याची त्रिज्या दहापट लागेल. बंधन ऊर्जा मात्र त्रिज्येच्या पाचव्या घाताने वाढते, म्हणजे थेट लाखपट. सूर्याच्या एका आठवड्याच्या जागी आता जवळपास दोन हजार वर्षांची कमाई लागेल. ज्या गोष्टीने सुपरमॅन बलवान होतो त्याच गोष्टीने त्याचा ग्रह फुटेनासा होतो. एकतर सुपरमॅन दुबळा माना, नाहीतर क्रिप्टन अजून आहे असे माना. कॉमिक्सवाल्यांनी १९६०च्या सुमाराला सुपरमॅनच्या शक्तीचे बरेचसे श्रेय आपल्या पिवळ्या सूर्याला देऊन टाकले. भौतिकीच्या दृष्टीने तेही अवघडच, पण निदान हा पेच सुटला.

म्हातारपणाने तर ग्रह मुळीच फुटत नाहीत. ते निवतात. मंगळाचा बहुतेक ज्वालामुखीपणा केव्हाच ओसरला, चंद्र तर गारठून गेला. दोघेही जागच्या जागी आहेत. पृथ्वीच्या पोटातून बाहेर झिरपणारी सगळी उष्णता सत्तेचाळीस टेरावॉटच्या आसपास आहे. ती अजिबात बाहेर न सोडता आत साठवत गेलो तरी पृथ्वी फुटण्याइतकी ऊर्जा जमायला सुमारे पंधरा हजार कोटी वर्षे लागतील. विश्वाचे वय १,३८० कोटी वर्षे आहे. एवढी वाट पाहायला वेळ कोणाला आहे?

युरेनियमच्या गाभ्याची कल्पना ऐकायला बरी वाटते. अडचण अशी की युरेनियम जड असले तरी ग्रहाच्या मध्याशी बुडत नाही. त्याची सोयरीक लोखंडाशी जमत नाही, खडकातल्या ऑक्सिजनशी जमते. त्यामुळे ते वरच्या खडकांत, कवचात आणि प्रावरणात राहते. म्हणून तर ते खाणीत सापडते. नैसर्गिक अणुभट्टी मात्र खरोखर घडून गेली आहे. आफ्रिकेत गॅबनमधल्या ओक्लोच्या खाणीतल्या युरेनियममध्ये १९७२ साली फ्रेंच शास्त्रज्ञांना नेहमीपेक्षा किंचित कमी युरेनियम-२३५ आढळले. हिशेब लागेना. शेवटी उलगडा झाला की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथे भूजलाच्या मदतीने आपोआप विखंडन सुरू झाले होते. त्या काळी युरेनियममध्ये २३५चे प्रमाण तीन टक्क्यांच्या घरात होते, आज ते पाऊण टक्काही नाही. भट्टी तापली की पाणी वाफ होऊन उडून जाई आणि विखंडन थांबे, निवली की पाणी परत येई आणि ती पुन्हा पेटे. अशी ती लाखो वर्षे कुरकुरत राहिली, फुटली नाही. ट्रॉम्बेच्या अणुकेंद्रातल्या माणसांनी इतकी सोशीक भट्टी बघितली तर हेवा करतील.

राहिला तारा. लाल सूर्य म्हटला की दोन शक्यता. एक, आर्द्रा किंवा ज्येष्ठा यांच्यासारखा लाल महाराक्षस. असा तारा अतिनवतारा होऊन खरेच फुटतो. पण या ताऱ्यांचे आयुष्यच कोटी-दीड कोटी वर्षांचे. तेवढ्या काळात त्यांच्याभोवती ग्रह घडून, निवून, त्यावर जॉर-एलसारखा शास्त्रज्ञ निपजणे शक्य नाही, कुत्रासुद्धा नाही. दुसरी शक्यता टायसननी निवडलेला लाल खुजा तारा. हे तारे इतके काटकसरी की लाखो कोटी वर्षे जळत राहतील. विश्वातला एकही लाल खुजा तारा अजून म्हातारपणाने मेलेला नाही, कारण त्यासाठी लागणारे वय अजून विश्वालाच झालेले नाही. या ताऱ्यांचा त्रास निराळा आहे. तरुणपणी ते चिडखोर असतात, भडकून भडकून जवळच्या ग्रहांचे वातावरण उडवून लावू शकतात. ग्रह तिथेच राहतो, हवा जाते.

क्रिप्टनचे तुकडे पृथ्वीवर येऊन पडतात, त्यांना क्रिप्टोनाइट म्हणतात, ही भर १९४३मध्ये रेडिओ मालिकेने घातली. तिचाही हिशेब करून पाहिला. व्हॉयेजर-१ सेकंदाला सतरा किलोमीटर वेगाने चालले आहे. त्या वेगाने सत्तावीस प्रकाशवर्षे कापायला पावणेपाच लाख वर्षे लागतात. जुलै २०२५मध्ये सापडलेला थ्री-आय अ‍ॅटलास हा दुसऱ्या सूर्यमालेतून आलेला धूमकेतू व्हॉयेजरच्या तिपटीहून जास्त वेगाने धावत होता, त्यालाही एक लाख चाळीस हजार वर्षे लागली असती. क्रिप्टोनाइटचा पहिला दगड पृथ्वीवर पडेल तेव्हा सुपरमॅनच्या आठवणीही कोणाला नसतील. आपल्या बुलढाण्यातल्या लोणारला सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पाडणारा दगड आपल्याच सूर्यमालेतला होता, शेजारधर्माला जागून आलेला.

फुटलेल्या ग्रहाची कल्पना शास्त्रज्ञांनाही एकेकाळी मोहवून गेली होती, हे सांगायला हवे. १ जानेवारी १८०१ला पियाझ्झीला सीरिस सापडला, लगोलग त्याच भागात पॅलस सापडला, तेव्हा ओल्बर्सने म्हटले की मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये एक ग्रह होता, तो फुटला, हे त्याचे तुकडे. शंभर वर्षांहून अधिक काळ ही गोष्ट लोकांच्या तोंडी होती. आता कळते की त्या पट्ट्यातले सगळे दगडधोंडे गोळा केले तरी चंद्राच्या शेकडा चार इतकेही वजन भरत नाही. तिथे ग्रह कधी झालाच नाही. गुरूने होऊ दिला नाही.

खरोखर मरताना दिसणारे ग्रह आहेत, पण त्यांचे मरण क्रिप्टनसारखे नाट्यमय नाही. २०२३मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी गरुड तारकासमूहातला एक तारा आपला ग्रह गिळताना पकडल्याचे जाहीर केले, बारा हजार प्रकाशवर्षे दूर. तारा एकदम उजळला आणि मग धुळीत विझत गेला. आणि २०२५मध्ये महाश्व तारकासमूहात, १४० प्रकाशवर्षांवर, एक छोटा खडकाळ ग्रह सापडला. तो आपल्या ताऱ्याला साडेतीस तासांत एक फेरी घालतो, इतका जवळ की त्याचा खडक उकळून वाफ होतो आणि धूमकेतूसारखे नव्वद लाख किलोमीटर लांबीचे शेपूट होऊन मागे सांडतो. दर फेरीला साधारण एव्हरेस्टएवढा ऐवज जातो. दहा-वीस लाख वर्षांत तो संपेल. स्फोट नाही, धक्का नाही. खडूसारखा झिजून जाणार.

म्हणजे ग्रह सहसा फुटत नाही, पण तो राहण्याजोगा उरतोच असे नाही. हे बघायला हस्तात जायची गरज नाही, दिंडोशीतून पूर्वेकडे बघितले तरी चालते. फिल्मसिटीची टेकडी, तिच्या मागे राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, दक्षिणेला आरे. या सगळ्याखाली ज्वालामुखीचा खडक आहे. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे जुळे बोगदे याच डोंगराच्या पोटातून जायचे आहेत. फोर्टमधले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय पाहिले असेल तर त्याच्या करड्या भिंतींत कुर्ल्याचा काळवट दगड आहे आणि पिवळसर भागात ‘मालाड स्टोन’, म्हणजे आमच्याच टेकड्यांच्या खाणींतला. दोन्ही दगड एकेकाळी वितळलेले होते. अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे एकसष्ट मीटर उंचीचे उभे खांब तर पाहणाऱ्याला कोणी तासून बसवल्यासारखे वाटतात. लाव्हा सावकाश निवताना आकसतो, त्याला तडे जातात आणि असे स्तंभ होतात. वय सहा ते साडेसहा कोटी वर्षे.

साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर जे झाले ते क्रिप्टनच्या कुठल्याही चित्रचौकटीपेक्षा भयंकर आहे. जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला, थांबला, निवला, पुन्हा वाहिला. थरावर थर बसत गेले. सह्याद्रीत घाट चढताना डोंगराच्या कड्यावर ज्या आडव्या पट्ट्या दिसतात ते हेच थर. कळसूबाई त्याचीच, रायगड त्याचाच. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन या खडकाखाली आहे, आणि पूर्वी यापेक्षा जास्त होती. लाव्ह्याबरोबर गंधकाचे आणि कर्बाचे वायू लाखो वर्षे हवेत जात राहिले. त्याच सुमारास मेक्सिकोच्या किनाऱ्यावर दहा किलोमीटरचा दगड आदळला. डायनोसॉर त्या दगडाने गेले की दख्खनच्या वायूंनी आधीच खचले होते, यावर भूशास्त्रज्ञ अजून भांडतात. बहुतेकांचे माप दगडाच्या बाजूला झुकते. काही असो, पृथ्वीवरच्या प्रजातींपैकी सुमारे तीन चतुर्थांश गेल्या. आणि पृथ्वी? तिला ओरखडाही आला नाही. ग्रहाच्या मापाने लाव्हा म्हणजे दुधावरची साय. आपण सायीवर राहतो.

कॉमिक्सच्या लेखकांना भूशास्त्र येत नव्हते, पण एक गोष्ट त्यांना अचूक कळली होती. क्रिप्टनच्या शेवटाची कारणे बदलली, पोशाख बदलले, बापाच्या नावाचे स्पेलिंगही बदलले, पण एक प्रसंग जवळपास प्रत्येक आवृत्तीत तसाच राहिला : शास्त्रज्ञ मंडळापुढे उभा राहून सांगतो आणि मंडळ ऐकत नाही. कधी हसते, कधी त्याला अटकेची धमकी देते, कधी म्हणते लोकांत घबराट पसरवू नका. युरेनियम पटो न पटो, ही बैठक पटते. अहवाल आहे, आकडे आहेत, कार्यवाही नाही.

आपल्याकडे माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ गटाने पश्चिम घाटाचा अहवाल ऑगस्ट २०११मध्ये केंद्र सरकारला दिला. सगळा घाट परिसंस्थेच्या दृष्टीने संवेदनशील धरून त्याचे तीन स्तर करावेत आणि कुठे काय चालेल ते ग्रामसभांना विचारून ठरवावे, असे त्यात होते. अहवाल लोकांसमोर यायलाच मे २०१२ उजाडला. मग त्यावर दुसरी समिती बसली, कस्तुरीरंगन यांची, आणि तिने संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सुमारे सदतीस टक्क्यांवर आणले. ३० जुलै २०१४च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातले माळीण हे गाव डोंगराखाली गेले. तो डोंगर नेमका का घसरला याची कारणे अनेक सांगितली गेली, सगळीच थोडी थोडी खरी असतील. जॉर-एलपाशी निदान एक यान होते.

दिंडोशीलाही डोंगराच्या पायथ्याशी राहणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. १ आणि २ जुलै २०१९च्या मधल्या रात्री, धो धो पावसात, मालाडच्या टेकडीवरच्या जलाशयाची संरक्षक भिंत खालच्या वस्तीवर कोसळली. तिथून ढिगारे उचलले गेले, माणसे पुन्हा तिथेच आसपास राहू लागली. पावसाळ्यात रात्री जोराची सर आली की त्या बाजूच्या घरांतले दिवे अजून लागतात. आमच्या गच्चीवरून ते दिसतात.

हे सगळे मी त्या मुलाला एका रात्रीत सांगितले नाही. त्याला मी एवढेच म्हटले की क्रिप्टन फुटला कारण फुटला नसता तर सुपरमॅन आपल्याकडे आला नसता. तो म्हणाला, “हे काय उत्तर झालं, काका?” मग मोबाइल आकाशाकडे धरून त्याने हस्त शोधला. त्याचा फोन कावळा दाखवत होता, मी हत्ती म्हणत होतो. फिल्मसिटीत कुठल्यातरी मालिकेचे रात्रीचे चित्रीकरण चालू होते, टेकडीच्या कडेला पांढरा उजेड पसरला होता, त्यामुळे चारांपैकी तीनच तारे मोजता आले. लाल तारा कुठे असेल ती जागा मी बोटाने दाखवली. तो बराच वेळ तिकडे बघत राहिला, मग म्हणाला, इथून तर काहीच फुटलेलं दिसत नाही.